घरच्या घरी चांदीकाम : सांधा कानशीवर तयार होतो, गॅसवर नाही

नाशिकमध्ये इंदिरानगरला सदनिकेत राहणाऱ्या एका शिक्षिका भगिनींनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्या काही वर्षांपासून तारेचे आणि मण्यांचे दागिने करतात. आता त्यांना अंगठी, जोडवी, कानांतले अशा झाळकामाच्या, म्हणजे तापवून सांधलेल्या, चांदीच्या वस्तू स्वतः घडवायच्या आहेत. नोकरीमुळे एखाद्या पेढीवर बसून उमेदवारी करणे शक्य नाही. तेव्हा बाल्कनीला लागून असलेल्या लहान खोलीत हे काम शिकता येईल का, आधी कोणती हत्यारे घ्यावीत, गॅसचे काय करावे, तांब्यावर हात बसवावा की थेट चांदीवर, आणि पुढे वस्तू विकता येतील का, असे त्यांनी विचारले आहे.

शिकता येईल. मात्र घरी शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे सांधा. डाक, म्हणजे सांध्यात वितळवायचा जोडधातू, वाहत नाही, वाहिली तर भलत्याच जागी जाऊन बसते, किंवा सांधा धरतो आणि हातोडीच्या पहिल्या ठोक्याला उघडतो. अशा वेळी दोष गॅसला, डाकेला किंवा सांध्याला लावायच्या टाकणखाराला दिला जातो आणि गॅसचा महागडा टॉर्च विकत घेतला जातो. इतकी वर्षे हे काम करून आणि शिकवून माझे मत असे झाले आहे की दहातील नऊ सांधे गॅस पेटवण्यापूर्वीच, करवतीवर आणि कानशीवर बिघडलेले असतात. म्हणून आपला वेळ आणि पैसा कोठे घालावा, याचे उत्तर मी याच दृष्टीने देतो.

प्रथम धातूविषयी. नाशिकच्या सराफ बाजाराचे नाव चांदीसाठी दूरवर आहे आणि येथील गिऱ्हाईक शुद्ध चांदीचा आग्रह धरते. देवघरातील भांडी, मूर्ती, नाणी यांसाठी तो आग्रह योग्यच आहे. परंतु जवळपास शुद्ध चांदी इतकी मऊ असते की रोज वापरायची अंगठी तिच्यात केली तर काही महिन्यांत तिचा गोलावा जातो. दागिन्यासाठी ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले ७.५ टक्के बहुधा तांबे असा मिश्रधातू वापरतात. त्यालाच बाजारात ९२५ म्हणतात. १०० ग्रॅम शुद्ध चांदीत सुमारे ८.१ ग्रॅम तांबे मिसळले की हे प्रमाण येते. आपण मात्र गाळणे, पट्टी ओतणे, पत्रा ओढणे या भानगडीत सुरुवातीला पडू नये. मूस, साचा आणि रोलिंग मशीन यांचा खर्च आणि पसारा घरच्या खोलीला पेलणारा नाही. हव्या त्या जाडीचा तयार पत्रा आणि तार सराफ बाजाराच्या परिसरात कामे करून देणाऱ्यांकडून ओढून घेता येते.

पहिले काही महिने काम तांब्यावरच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांदी ग्रॅमवर मोजली जाते आणि तांबे किलोवर, हे एक कारण आहेच. परंतु त्याहून मोठे कारण असे की महाग धातूवर शिकणारा माणूस कापायला घाबरतो, आणि न कापता करवत येत नाही. भांडी बाजारात किंवा तांबट लेनमध्ये पत्र्याचे कापलेले तुकडे मागून पाहावेत. ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा पत्रा आणि १.५ ते २ मिलिमीटरची तार एवढे पुरेसे आहे. पितळ स्वस्त असले तरी सुरुवातीला टाळावे, कारण त्यातील जस्त जास्त तापल्यावर धूर होऊन उडते आणि बंद खोलीत तो धूर नाकातोंडात जाणे बरे नाही. मात्र तांब्यावर शिकताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर ९२५ चांदी सुमारे ८०० अंशांपासूनच गळू लागते आणि ९०० अंशांच्या आत पूर्ण वितळते. म्हणजे तांबे आपल्याला सांधा जुळवायला शिकवते. धातू वितळण्याच्या किती जवळ आहोत याचे भय मात्र शिकवत नाही. ते चांदीच शिकवते.

धातूवर काम करणे म्हणजे त्याची अवस्था ओळखणे होय. तांब्याची वा चांदीची तार वाकवत, ठोकत गेले की ती कडक होत जाते आणि शेवटी तडकते. तडकण्यापूर्वी तिला तापवून पुन्हा नरम करावे लागते. त्यासाठी खोलीतील दिवे मंद ठेवून धातू सगळीकडून सारखा तापवावा आणि जेमतेम दिसेल असा मंद लाल रंग आला की आच काढावी. भर उजेडात हा रंग दिसत नाही. उजेडात लाल दिसेपर्यंत तापवलेली चांदी जरुरीपेक्षा बरीच जास्त तापलेली असते. तांबे लगेच पाण्यात बुडवले तरी चालते. ९२५ चांदीची लाली गेल्यावर मगच बुडवावी. किती ठोक्यांनी नरम करावे याचा ठराविक आकडा नाही. हातोडीचा आवाज टणक येऊ लागला आणि पत्रा वाकवताना स्प्रिंगसारखा मागे येऊ लागला की वेळ झाली असे समजावे. नवशिके हे टाळतात, कारण प्रत्येक वेळी तापवणे, काळेपणा काढायला आंबट पाण्यात टाकणे, धुणे हा खटाटोप वाटतो. परंतु चिरलेली अंगठी पुन्हा करण्याचा खटाटोप त्याहून मोठा आहे.

आता करवत. करवतीची फ्रेम मध्यम दर्जाची चालेल, पण पाती उत्तम घ्यावीत आणि डझनांनी घ्यावीत, कारण ती तुटणारच. पात्याचे किमान दोन-तीन दात एका वेळी पत्र्याच्या जाडीत असले पाहिजेत, नाही तर दात अडकतात. १ मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्याला २/० क्रमांकाचे आणि ०.६ मिलिमीटरच्या पत्र्याला ४/० क्रमांकाचे पाते ठीक पडते. दात मुठीकडे झुकलेले असावेत, कारण करवत खाली ओढताना कापते. वर नेताना तिच्यावर जोर देऊ नये. पाते बसवताना फ्रेम छातीने मेजावर किंचित दाबून मग स्क्रू आवळावा. छेडल्यावर पात्याचा आवाज सतारीच्या तारेसारखा स्वच्छ आला पाहिजे. पात्याला मेण लावावे. वळणावर करवत जागच्या जागी वरखाली करत पत्रा फिरवावा, करवत फिरवू नये. मेजाच्या कडेला बाहेर आलेली, मध्ये खाच कापलेली लाकडी पट्टी पक्की बसवून घ्यावी, आणि मेजाची उंची नेहमीच्या मेजापेक्षा बरीच जास्त, बसल्यावर जवळपास छातीपर्यंत येईल अशी असावी. जेवणाच्या मेजावर वाकून हे काम केले तर आठवड्यात मान धरते आणि छंद तेथेच संपतो. पट्टीच्या खाली चामड्याचा किंवा जाड कापडाचा झोळ बांधावा, म्हणजे किस आणि तुकडे त्यात पडतील.

कानस फक्त पुढे ढकलताना कापते. मागे घेताना ती घासली तर तिचे दात बोथट होतात आणि सांध्याची कड गोलसर होते. ही गोलसर कड म्हणजेच पुढच्या सगळ्या दुःखाचे मूळ, कारण डाक केशाकर्षणाने अरुंद फटीत ओढली जाते. डाक म्हणजे फट भरून काढणारी पुट्टी नव्हे. दोन्ही कडा एकमेकींना पूर्ण टेकलेल्या असतील तर डाकेचा कणभर तुकडा पुरतो. खिडकीकडे धरून पाहिल्यावर सांध्यातून उजेड दिसत असेल तर गॅस पेटवू नये, पुन्हा कानशीकडे जावे.

याचे उत्तम उदाहरण साधी अंगठी. पट्टीची लांबी काढताना अनेक जण आतला व्यास घेऊन त्याला ३.१४ने गुणतात आणि अंगठी लहान होते, कारण पट्टीची जाडी वाकताना आत-बाहेर वाटली जाते. आतल्या व्यासात जाडी मिळवून मग गुणावे. आतला व्यास १७ मिलिमीटर आणि पत्रा १.५ मिलिमीटर असेल तर १८.५ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ५८ मिलिमीटर पट्टी हवी; जाडी विसरली तर ती साडेचार मिलिमीटरहून अधिक कमी भरते. ४ मिलिमीटर रुंदीची अशी पट्टी ९२५ चांदीत सुमारे साडेतीन ग्रॅमची होते, यावरून सरावाला किती धातू लागतो याचाही अंदाज येईल. झाळण्यापूर्वी अंगठी गोल असण्याची गरज नाही. ती इंग्रजी डी अक्षरासारखी, सांध्याकडे सपाट राहिली तर उलट चांगले, कारण सपाट कडा नीट टेकतात. दोन्ही टोके एकमेकींच्या थोडी पलीकडे नेऊन मागे आणली की ती स्वतःच्या ताणाने घट्ट मिटून राहतात. मग त्यांच्यामधून एकदा बारीक करवत फिरवली की दोन्ही कडा एकमेकींशी समांतर होतात. गोलाई झाळल्यानंतर, निमुळत्या गोल दांड्यावर चढवून लाकडी मोगरीने द्यावी.

झाळकामाचा नियम एकच आहे आणि तो सतत विसरला जातो : डाक ज्योतीने वितळवायची नसते, तापलेल्या धातूने वितळवायची असते. सर्व धातूंत चांदी उष्णतेची सर्वांत चांगली वाहक आहे. सांध्यापुरती ज्योत धरली तर उष्णता सगळ्या वस्तूत पळते, डाक मात्र कणभर असल्याने आधी वितळून गोळी होऊन बसते आणि सांधा कोरडा राहतो. म्हणून आधी संपूर्ण वस्तूभोवती ज्योत गोल फिरवावी आणि शेवटी सांध्याकडे यावे. टाकणखार, म्हणजे पेढीवरची सवागी, पाण्यात उगाळून सांध्याला आणि चांदी असेल तर सगळ्या वस्तूला लावावी. ती आधी पांढरी होऊन फुगते. तेव्हा घाईने ज्योत जवळ नेली तर डाकेचे तुकडे उडून जातात. नंतर ती बसते आणि काचेसारखी पारदर्शक होते. तेथून पुढे डाक केव्हाही वाहू शकते. वाहिल्याची खूण म्हणजे सांध्यातून सरकन धावलेली चकचकीत रेघ. ती दिसताक्षणी आच काढावी. अजून थोडे राहू दे, या विचाराने धरलेल्या दोन-तीन क्षणांत चांदीचा पृष्ठभाग सुरकुततो, आणि मग ती वस्तू मोडीत जाते. डाक उष्णतेकडे धावते, हेही ध्यानात ठेवावे. दोन भागांपैकी एक जाड असेल तर ज्योत जाड भागावर जास्त वेळ हवी.

डाक बहुधा तीन प्रकारची मिळते. बनवणाऱ्यानुसार थोडा फरक पडतो, पण कडक डाक साधारण ७५० ते ७९०, मध्यम ७२० ते ७५० आणि मऊ ६८० ते ७२० अंशांच्या दरम्यान वाहते. एकाच वस्तूत अनेक सांधे असतील तर पहिला कडक डाकेने आणि शेवटचा मऊ डाकेने करतात, म्हणजे नंतरच्या तापवण्यात आधीचा सांधा सुटत नाही. कडक डाक वाहण्याचे तापमान आणि ९२५ चांदी गळू लागण्याचे तापमान यांत किती थोडे अंतर आहे, हे वरच्या आकड्यांवरून दिसेल. सरावासाठी मध्यम डाक घ्यावी. विकत घेताना मात्र एक प्रश्न हटकून विचारावा : यात कॅडमियम आहे का? सोन्याच्या केडीएम दागिन्यांमुळे हे नाव सर्वांना माहीत झाले आहे. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते, म्हणजे झाळताना त्याची वाफ होते, आणि ती वाफ फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक आहे. ती वाफ जाणवेल असा भरवशाचा वास तिला नसतो. दुकानदार ठाम उत्तर देत नसेल तर डाक घेऊ नये. विजेच्या कामाची शिसे-कथिलाची डाकही या मेजावर आणूच नये. तिचा कण चांदीवर राहून ती लाल तापली तर धातूला भोके पडतात.

गॅसविषयी भगिनींना वाटणारी काळजी रास्त आहे. अंगठी, जोडवी, कानांतले एवढ्यासाठी हातात धरायचा, पुन्हा भरता येणारा ब्यूटेनचा टॉर्च पुरतो. मोठे कडे किंवा रुंद पत्रा त्याने तापणार नाही, पण ते वर्षभर तरी करायचे नाही. घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर या कामाला जोडू नये. तो स्वयंपाकासाठीच दिलेला असतो आणि त्याच्या रेग्युलेटरचा दाबही टॉर्चला पुरेसा नसतो. ऑक्सिजनचा सिलिंडर सदनिकेत आणण्याचा विचारही करू नये. ब्यूटेन आणि स्वयंपाकाचा गॅस दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतात. म्हणून टॉर्च भरताना बाल्कनीत जावे आणि जवळपास निरांजन, उदबत्ती काहीही पेटलेले नसावे. मेजावर सिरॅमिकची फरशी व त्यावर झाळण्याची वीट ठेवावी. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा असावा. छताचा पंखा धूर खोलीतच फिरवतो आणि ज्योत हलवतो. अंगावर सुती कपडे, पदर किंवा ओढणी खोचलेली, केस बांधलेले, डोळ्यांना चष्मा, हाताशी पाण्याची बादली आणि लहान अग्निशामक, एवढे झाल्याशिवाय काडी ओढू नये. ठोकण्याचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो. ऐरण लाकडाच्या ओंडक्यावर आणि ओंडका जाड रबरावर ठेवला तर तक्रारी बऱ्याच कमी होतात. दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी तरीही ठोकू नये.

झाळल्यावर धातू काळा पडतो आणि टाकणखाराची काच चिकटून राहते. पेढीवर त्यासाठी सौम्य गंधकाम्ल वापरतात. घरात ते नको. लिंबूसत्व कोमट पाण्यात, साधारण दहा भाग पाण्यास एक भाग, विरघळवून घ्यावे. तुरटीचे गरम पाणीही चालते. वेळ जास्त लागतो, इतकेच. यात लोखंडी चिमटा बुडवू नये, नाही तर पाण्यात उतरलेले तांबे चांदीवर चढते आणि वस्तू गुलाबी दिसते. चिमटा लाकडाचा किंवा तांब्याचा ठेवावा. हे पाणी निळसर झाले की त्यात तांबे उतरले आहे असे समजावे. ते मोरीत ओतण्यापूर्वी खाण्याचा सोडा घालून शमवावे आणि तळाशी बसलेला साका गाळून वेगळा काढावा. शहराचे सांडपाणी शेवटी गोदावरीकडेच जाते. भांडे अर्थातच स्वयंपाकघरातील नसावे.

जिल्हईबद्दल, म्हणजे चकाकी आणण्याबद्दल, थोडेच सांगतो. ४००, ६००, १००० अशा क्रमाने पॉलिश पेपर फिरवावा, मधली पायरी गाळू नये, आणि शेवटी रिठ्याच्या पाण्याने पितळी ब्रशने घासावे. पॉलिशची मोटर पहिल्या वर्षी घेऊ नये. साखळी तिच्यात गुंडाळली गेली तर बोट वाचवणे कठीण असते.

काय करत शिकावे? प्रथम तांब्याची जोडवी करावीत. ती उघडी असल्याने सांधा लागत नाही, पण ठोकणे, नरम करणे, टोके कानशीने गोल करणे हे सारे त्यांत येते. मग बाळाच्या वाळ्यासारखे उघडे कडे, मग झाळलेली अंगठी, आणि ती पुन्हा पुन्हा. अंगठी दांड्यावर चढवून ठोकावी. सांधा खरा असेल तर उघडणार नाही. त्यानंतर पत्र्यावर तारेची नक्षी, आणि मग खड्याचे घर. बोरमाळेच्या किंवा ठुशीच्या पोकळ मण्यांचा मोह अनेकांना लवकर होतो. दोन वाट्या जोडून मणी करताना हवा जाण्यासाठी भोक ठेवलेच पाहिजे. आत अडकलेली हवा किंवा पाणी तापून मणी फुटतो आणि तप्त धातू तोंडावर उडतो.

नाशिकमध्ये राहण्याचा फायदा असा की अडले तर दाखवायला माणूस आहे. सराफ बाजाराच्या गल्ल्यांत बसणाऱ्या कारागिरांपैकी एखाद्याकडे, लग्नसराई आणि दिवाळीची घाई नसताना, आपली बिघडलेली वस्तू घेऊन जावे आणि मोबदला ठरवून एखादी दुपार त्याचे हात पाहावेत. प्रश्न मोजके विचारावेत आणि तो ज्योत कोठे धरतो, किती वेळाने हलवतो, याकडे लक्ष द्यावे. पावसाळ्याचे सामान मात्र आधी आणून ठेवावे. गोदावरीच्या पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीला पाणी चढू लागले की त्या भागातील दुकानदार माल हलवण्याच्या गडबडीत असतात आणि पाव डझन पाती विकायला कोणाला वेळ नसतो.

विक्रीचा प्रश्न राहिला. चांदीचे हॉलमार्किंग सोन्यासारखे सक्तीचे नाही, तरी ९२५ म्हणून विकलेली वस्तू ९२५ असली पाहिजे. डाकेत चांदी कमी असते, त्यामुळे फटी डाकेने भरत गेले की वस्तूचा कस खाली उतरतो. पत्रा ९२५चा घेतला एवढ्याने काम भागत नाही. गिऱ्हाईकाला वस्तू देण्यापूर्वी एकदोन नमुने मान्यताप्राप्त केंद्रातून तपासून घ्यावेत आणि बिलावर वजन, शुद्धता व घडणावळ वेगळी लिहावी. चांदीवर काम सुरू केल्यावर झोळातील किस रोज जपून ठेवावा आणि तांब्याचा व चांदीचा डबा पहिल्या दिवसापासून निराळा करावा. पात्यांचे व कानशीचे लोखंडी कण चुंबकाने काढून टाकावेत. झाडलोट करून निघालेली मेजाखालची धूळही फेकू नये. सराफ बाजारातील माती गाळून पोट भरणारे झारेकरी तिची किंमत ओळखून आहेत. मात्र मिसळलेल्या किसाला सराफ गाळून पाहिल्याशिवाय भाव देणार नाही, आणि गाळल्यावर जो देईल तो घ्यावा लागेल.